फेस धरून लिटर

"वेळ झाली," कुंभोजकर सर म्हणाले, आणि शाळेच्या गच्चीवरचे आम्ही दहाही जण एकदम खाली वाकलो.

पाच ट्रे आणि प्रत्येकावर दोन डोकी. पत्र्याचे चौकोनी, उथळ ट्रे, आतून काजळी फासून काळे केलेले, त्यात पाणी, वर काच आणि काचेच्या कडेच्या खाचेतून आत सोडलेला थर्मामीटर. आमच्या ट्रेचा पारा बानू शिकलगार वाचायची आणि मी वहीत लिहायची. बानूनं एक डोळा मिटला, खालचा ओठ दातांत धरला आणि वाचलं. वाचून झाल्यावर तिनं पुन्हा एकदा वाकून वाचलं. तेवढ्यावरूनच मी काय ते ओळखलं.

"अडतीस पूर्णांक दोन," ती हळूच म्हणाली.

मी लिहिलं. सुरुवातीला अठ्ठावीस होतं, म्हणजे वीस मिनिटांत पाणी दहा पूर्णांक दोन अंशांनी तापलं. शेजारच्या ट्रेवरून महिपती सुतारानं अकरा पूर्णांक चार असं दणक्यात सांगितलं. त्याच्या पलीकडे अकरा पूर्णांक दोन, मग साडेअकरा, मग अकरा पूर्णांक तीन. गच्ची एक, ऊन एक, सूर्य तर एकच. आमच्याच वाट्याला तो रोज कमी येत होता, आणि हा तिसरा दिवस होता.

प्रयोग नववीला न शोभण्याइतका सोपा होता. एका चौरस सेंटिमीटरवर एका मिनिटाला सूर्याची किती उष्णता पडते, ते काढायचं. सरांनी तालुक्याच्या पत्रेवाल्याकडून पंचवीस बाय वीसचे ट्रे करून आणले होते. त्यात मोजून एक लिटर पाणी आणि वीस मिनिटं ऊन. मग सगळा गुणाकार-भागाकार असा कटत जाई की तापमान जितकं वाढलं त्याला दहानं भागलं की उत्तर. बाकीच्यांचं उत्तर एक पूर्णांक चौदा कॅलरीच्या आसपास येई, आमचं एक पूर्णांक शून्य दोनच्या वर जाईना.

सर पट्टी वापरत नसत, ओरडतही नसत. ते समोर येऊन उभे राहत आणि थांबत. त्यापेक्षा दोन छड्या परवडल्या असत्या. आत्ता ते आमच्या ट्रेपाशी येऊन उभे राहिले.

मंगळवारी त्यांनी आमचा थर्मामीटर महिपतीला दिला होता आणि त्याचा आम्हाला. महिपतीचं उत्तर बरोबर आलं, आमचं कमीच. आज ट्रेची अदलाबदल केली होती. पुन्हा तेच. आता बदलायला फक्त माणसं उरली होती.

"बानू, तू पारा वाचतेस की अंदाजानं सांगतेस?"

"वाचतो, सर." आमच्या भागात मुलीही येतो-जातो म्हणतात, त्यात काही वावगं नाही. पण त्या दिवशी तिचा तो 'वाचतो' इतका बारीक निघाला की शेजारची दोन पोरं हसली.

"खोटं वाचलेलं मला चालत नाही. चुकलेलं चालतं." सर घड्याळाकडे बघत म्हणाले. "उद्या विस्तार अधिकारी येणार आहेत. त्यांच्यासमोर हाच प्रयोग पुन्हा. काहीही बदलायचं नाही. तोच ट्रे, तोच थर्मामीटर, तेच माप, वाचणारीही तीच. उद्याही आकडा असाच आला, तर बानू, तू खाली वर्गात जाऊन बसायचं आणि पुन्हा थर्मामीटरला हात लावायचा नाही."

बानूनं मान हलवली. तिनं थर्मामीटर पुसून डबीत ठेवला, दप्तर उचललं आणि माझी वाट न बघता जिना उतरून गेली. मी हाक मारली, पण तिनं वळून पाहिलं नाही. तीन वर्षं आम्ही एका बाकावर बसत होतो, आणि बानू खोटं बोलत नाही हे मला माझ्या नावासारखं ठाऊक होतं. सर तसं म्हणाले तेव्हा मी गप्प बसले होते, त्याचाच तिला राग आला असणार.

सकाळची शाळा साडेअकराला सुटायची. आम्ही दहा जण मात्र उपाशीपोटी थांबायचो, कारण घड्याळात बारा वाजतात तेव्हा आपल्या गावच्या माथ्यावर सूर्य आलेला नसतो, तो साडेबारा उलटून येतो, असं सरांनी काठीची सावली मोजून दाखवलं होतं. आता सव्वा वाजला होता. सगळे घरी पळाले. ट्रे धुवायची पाळी आमची होती, म्हणजे आता माझी एकटीची.

मी ट्रेसमोर बसले. भूक लागली होती आणि डोकं तापलं होतं. थर्मामीटर बरोबर, ट्रे बरोबर, बानू बरोबर. मग चुकतंय काय? ट्रे पंचवीस बाय वीस, म्हणजे तळ पाचशे. त्यात लिटरभर पाणी म्हणजे ते दोन सेंटिमीटर उभं राहणार. एवढं तोंडी गणित कुणालाही येतं. मी कंपासपेटीतून फूटपट्टी काढली आणि पाण्यात उभी धरली.

दोन पूर्णांक दोन भरलं.

दुसऱ्या कोपऱ्यात धरली, मग तिसऱ्या. सगळीकडे तेवढंच. वीस मिनिटं उन्हात राहून पाणी कमी होईल, वाढेल कुठून?

शाळेत मोजपात्र एकच होतं, काचेचं, शंभर मिलिलिटरचं. बाकीचे चार गट ते रांगेनं दहा-दहा वेळा भरून पाणी मोजत. त्यात फार वेळ जाई, म्हणून सोमवारी मीच तोंड वर करून म्हटलं होतं, "सर, आमच्या डेअरीचं लिटरचं माप आणू? सरकारी शिक्क्याचं आहे." माझे आबा गावच्या दूध डेअरीत मापाडी होते. गावातलं प्रत्येक घर सकाळ-संध्याकाळ त्यांच्या हातून दूध मोजून देई. आबांच्या मापाबद्दल मला जो ताठा होता, तो पोलीस पाटलाच्या पोरीलाही बापाच्या काठीबद्दल नसेल. सर हो म्हणाले. दुपारी आबा घरी झोपलेले असत आणि माप खुंटीला असे. शाळा सुटली की मी पळत जाऊन ते आईला सांगून घेऊन येई आणि चारच्या आत परत टांगून ठेवी.

मी माप पाण्यानं काठोकाठ भरलं आणि मोजपात्रात ओतायला लागले. एक, दोन, तीन. दहावं भरलं तेव्हा माप रिकामं व्हायला हवं होतं. मापात पाणी होतं. अकरावं मोजपात्र शंभरच्या खुणेपर्यंत भरलं, तेव्हा कुठे ते रिकामं झालं.

मग मी माप उलटं करून तळावरून बोटं फिरवली. तळ सपाट नव्हता. आतून बाहेर ठोकून काढलेला होता, चांगलं पोट आलेलं. काठावर सरकारी शिक्का होता, स्पष्ट.

दर लिटरमागं शंभर मिली. बानूच्या एक पूर्णांक शून्य दोनमध्ये हेच होतं. पोर अगदी बरोबर वाचत होती.

उपाय सोपा होता, आणि तो मला लगेच सुचला, हे मी लपवत नाही. उद्या माप ओतून झालं की कुणाचं लक्ष नसताना एक ओंजळ पाणी काढून टाकायचं. आकडा बरोबर येईल, बानू सुटेल, आबांच्या मापाचं नाव निघणार नाही. पण मग सर विचारणार, तीन दिवस चुकत होतं ते आज कशानं जुळलं? आणि उत्तर एकच राहणार, की बानू तीन दिवस खोटं वाचत होती आणि अधिकारी आल्यावर सुधारली.

संध्याकाळी साडेपाचला मी डेअरीवर गेले. डेअरी म्हणजे ग्रामपंचायतीमागची एक पत्र्याची खोली, पुढं कट्टा, कट्ट्यावर टेबल आणि टेबलामागं आबा. रांगेत पंधरा-वीस माणसं. आबांचा हात बघण्यासारखा होता. किटली तिरकी करायची, माप भरायचं, क्षणभर थांबायचं आणि चाळणीतून कॅनमध्ये ओतायचं. एक थेंब इकडचा तिकडं होत नसे. लोक म्हणत, आनंदा खोताच्या हाताला डोळे आहेत.

रांग आटोपली, टेम्पोचा चालक कॅन घेऊन गेला, तेव्हा मी विचारलं. सरळ विचारायचा धीर नव्हता. म्हटलं, आबा, लिटरच्या मापात किती मावतं?

"लिटर," आबा म्हणाले. माप धुता धुता त्यांचा हात थांबला. "का गं?"

मी सांगितलं. माप शाळेत नेत होते, सूर्याचा प्रयोग, बानूवर आलेला आळ, फूटपट्टी, अकरा वेळा. आबा ऐकत होते. त्यांनी दोनदा दाराकडं बघितलं.

"माप शाळेत नेलंस? मला न सांगता?"

"आईला सांगितलं होतं."

"आणि कुणाकुणाला म्हाईत हाय हे?"

"कुणाला न्हाई. आबा, तळाला पोट आलंय."

त्यांनी हात पुसले. मग स्टुलावर बसले आणि मला जवळ बोलावलं. आवाज एकदम मऊ झाला होता.

"हे बघ शालन. धार काढली की दुधावर फेस येतोय का न्हाई? तसलं फेसाचं दूध लोक घेऊन येत्यात. माप वरनं भरलेलं दिसतंय, फेस बसला की खाली जातंय. मग डेअरीनं काय करायचं? म्हणून शिक्का बसल्यावर तळ जरा ठोकून घेत्यात. फेस धरून लिटर. ह्या धंद्यात सगळीकडं असंच हाय. डेअरीच्या चेअरमननं माप हातात दिलं तवाच तसं हुतं."

तुम्हाला सांगते, इतका आनंद मला नंतर पदवी मिळाली तेव्हाही झाला नाही. फेस! लहानपणापासून फेस बघत होते, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पाण्याला फेस नसतो. दुधाचं माप पाण्याला लावलं, ही चूक माझी, ना बानूची ना आबांची. मी आबांना मिठीच मारली. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले की शाळेत उगाच काही बोलू नकोस. मी म्हटलं, आबा, बोलायलाच पाहिजे, बानूवर आळ आहे. मग ते माप पुसायला लागले, आणि मी उड्या मारत घरी गेले.

गुरुवारी विस्तार अधिकारी आले. कडक इस्त्रीची सफारी, कपाळावर घाम, सोबत केंद्रप्रमुख. त्यांच्यासाठी गच्चीवर छत्री धरलेली होती. शाळेतल्या दोघांची जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कोल्हापूरला निवड व्हायची होती, आणि ती तेच करणार होते. बानू आली होती. तिचे डोळे सुजलेले होते. मी तिला सकाळीच सगळं सांगणार होते, पण ती मुद्दाम प्रार्थना सुरू झाल्यावर आली आणि वर्गात दुसऱ्याच बाकावर बसली, शाळा सुटल्यावर मला रोजच्यासारखं माप आणायला घरी पळावं लागलं, आणि गच्चीवर बोलायला बंदी होती. मी नुसता तिचा हात दाबला. तिनं तो काढून घेतला.

बारा पंचवीसला काचा लावल्या. वीस मिनिटं कुणी हललं नाही. बानू पाऱ्यावरून नजर काढत नव्हती. घामाचा थेंब तिच्या नाकाच्या शेंड्यावर आला, तरी तिनं पुसला नाही. तो काचेवर पडला आणि सुकून गेला.

"वेळ झाली."

महिपतीचं अकरा पूर्णांक चार. बाकीचे तिथंच आसपास. मग सर आमच्याकडं वळले.

"दहा पूर्णांक तीन," बानू म्हणाली. ह्या खेपेला मोठ्यानं म्हणाली. जे आहे तेच ती वाचणार होती.

केंद्रप्रमुखांनी अधिकाऱ्यांकडं बघून भुवया उडवल्या. सर नेहमीसारखे समोर येऊन थांबले. मग म्हणाले, "बानू, खाली जा."

"सर, चूक मापात आहे," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच परका वाटला. सर माझ्याकडं वळले. मी फूटपट्टी पाण्यात उभी करून दाखवली. माप भरून मोजपात्रात ओतून दाखवलं, सगळ्यांसमोर, अकरा वेळा. दहाव्यानंतरही मापात पाणी दिसलं, तशी सगळी डोकी पुढं वाकली. ह्या दहा जणांत सात घरांचं दूध त्याच मापानं जात होतं. महिपतीचं तोंड उघडंच राहिलं होतं. मी घाईघाईनं पुढचं बोलले. हे दुधाचं माप आहे, दुधाला फेस असतो, डेअरीत फेस धरून लिटर करतात. पाण्याला फेस नाही, म्हणून आमचं पाणी शंभर मिली जास्त झालं आणि कमी तापलं. हजाराऐवजी अकराशेनं गुणलं की उत्तर एक पूर्णांक तेरा येतं. बानूनं चारही दिवस बरोबर वाचलं.

आधी अधिकारी हसले. मग केंद्रप्रमुख आणि मग सगळे. महिपतीनंही सुटकेचा श्वास टाकला आणि म्हणाला, व्हय सर, आमच्या म्हशीच्या दुधाला लई फेस असतोय. सरांनी वहीत स्वतः गुणाकार करून बघितला. मग त्यांनी जे केलं ते मी कुठल्याच शिक्षकाला करताना पुन्हा बघितलं नाही. ते बानूसमोर गेले आणि म्हणाले, "माझं चुकलं."

अधिकाऱ्यांनी कागदावर दोन नावं लिहिली, शालन खोत आणि बानू शिकलगार. त्यांच्या मते चूक शोधणारी आणि चूक न लपवणारी अशा दोघी कोल्हापूरला जायला हव्यात. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

जिन्यात मी बानूला गाठलं. म्हटलं, झालं ना सगळं, आता तरी बोल. ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

"शाले, आमच्या दुधाला फेस नसतोय."

मला कळलंच नाही.

"माळावरनं डोक्यावर किटली घेऊन आई अर्धा तास चालत येती. येस्तोवर फेस कवाच बसलेला असतोय. ओढ्याच्या पलीकडली सगळीच तशी येत्यात." ती माझ्याकडं बघत नव्हती, भिंतीकडं बघून बोलत होती. "तुझ्या आबांना दिसत असंल की."

"मग वर का बोलली न्हाईस?"

"तू माझ्यासाठी बोललीस. मी तुझ्या आबांच्या विरोधात बोलू व्हय?"

ती उतरून गेली. मी त्या जिन्यात किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. काल संध्याकाळचं सगळं पुन्हा डोळ्यांपुढं आलं. धुता धुता थांबलेला हात आला, दाराकडं दोनदा गेलेली नजर आली, तो एकदम मऊ झालेला आवाज आला. मी मिठी मारली तेव्हा आबा हसले नव्हते. मला लाज वाटली, आधी त्यांची, आणि मग इतक्या आनंदानं सगळं पटवून घेणाऱ्या माझी. शिवाय आज गच्चीवर त्या मापाला अधिकाऱ्यांसमोर शास्त्राचा शिक्का मीच मारून दिला होता.

आबांनी त्या संध्याकाळनंतर दुधाचं माप पुन्हा कधी हातात धरलं नाही. म्हणून ती संध्याकाळ मी जरा सावकाश सांगते.

मी गेले तेव्हा रांग अर्धी झाली होती. गच्चीवरची बातमी गावात कधीच पोचली होती, आणि ती हसतच पोचली होती. मापाड्याच्या पोरीनं दुधाच्या मापानं सूर्य मोजला म्हणे, असं कुणीतरी म्हणत होतं. आबा खाली मान घालून काम करत होते. मी टेबलाच्या आतल्या बाजूनं जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी मला बघितलं आणि किटली तिरकी केली.

चार माणसांनंतर बानूची आई आली, जैनबमावशी. घामानं पदर मानेला चिकटला होता. तिनं डोक्यावरची किटली उतरवून टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं. दूध सपाट होतं, वर फेसाचा एक बुडबुडाही नव्हता. आबांनी माप भरलं, क्षणभर थांबले, आणि ओतायला हात उचलला.

"आबा, मावशीच्या दुधाला फेस न्हाई," मी म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले नव्हते. पण मागच्या तिघा-चौघांपर्यंत ते पोचलं. आबांचा हात तसाच हवेत राहिला. जैनबमावशीनं माझ्याकडं बघितलं, मग आबांकडं. तिला काही सांगायची गरज नव्हती, ती रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघत होती. तिनं किटली मापाजवळ सरकवली.

आबांनी मापातलं थोडं दूध तिच्या किटलीत परत ओतलं. ओतताना थोडं दूध टेबलावर सांडलं. मला वाटलं, झालं, आता पुढचं माणूस येईल.

पुढचा बाळू लोहार होता, तोही ओढ्यापलीकडचा. त्यानं किटली ठेवली, पण झाकणावरचा हात काढला नाही.

"खोत, माझ्याबी दुधाला फेस न्हाई," तो म्हणाला.

त्याच्या मागून एक म्हातारी म्हणाली, "माझ्याबी न्हाई बाबा."

मग आणखी एक. मग तात्या चौगुले, ज्यांचं घर डेअरीला लागून होतं आणि ज्यांच्या किटलीत फेस चांगला दोन बोटं उभा होता. "माझ्याबी दुधाला न्हाई," ते म्हणाले. कुणी हसलं नाही.

मी आबांकडं बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला माझे वडील म्हातारे दिसले. ते रागावतील, माझ्या मुस्काटात मारतील, असं मला वाटत होतं, आणि त्यांनी तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माप टेबलावर उपडं ठेवलं. तळाचं पोट सगळ्या रांगेला दिसलं.

"मला पहिल्या दिसापासनं ठावं हुतं," आबा म्हणाले.

हे ते कुणाला म्हणाले, रांगेला की जैनबमावशीला, मला कळलं नाही. रांगेतलं कुणी मागं वळलं नाही आणि पुढंही आलं नाही. सगळे आमच्याकडं बघत उभे होते.

"शालन, घरला जा," आबा खाली बघून म्हणाले.

मी गेले नाही.